ख्रिस्ती दान आणि समाधान

ख्रिस्ती दान म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेचा भाग म्हणून पैसा, धान्य, वस्तू, वेळ किंवा श्रम स्वेच्छेने इतरांसाठी आणि मंडळीच्या कार्यासाठी देणे होय. ख्रिस्ती धर्मविचारात दानाकडे केवळ कर्तव्य म्हणून पाहिले जात नाही. उदारपणे देणाऱ्याला आनंद लाभतो आणि आहे त्यात तृप्त राहण्याची वृत्ती वाढते, अशी ही शिकवण आहे. मराठी ख्रिस्ती समाजात, विशेषतः अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यात, या शिकवणीला एक वेगळा सामाजिक अर्थही प्राप्त झाला. परदेशी मिशनच्या पैशावर उभ्या राहिलेल्या मंडळ्या स्वतःच्या पायांवर कशा उभ्या राहतील, हा प्रश्न येथे दानाच्या विचाराशी दीर्घकाळ जोडलेला राहिला.

संज्ञा

मराठी मंडळ्यांमध्ये दानासाठी अनेक शब्द रूढ आहेत. उपासनेच्या वेळी देवापुढे ठेवलेल्या देणगीस 'अर्पण' म्हणतात. उत्पन्नाच्या दहाव्या हिश्शास 'दशमांश' म्हणतात. वाढदिवस, आजारातून उठणे, परीक्षेतील यश, नवे घर अशा प्रसंगी दिलेल्या देणगीस 'आभारार्पण' म्हटले जाते. गरजूंना खाजगीरीत्या केलेल्या मदतीसाठी 'दानधर्म' हा सर्वसामान्य मराठी शब्दच वापरला जातो.

बायबलमधील आधार

जुन्या करारात शेतीच्या उत्पन्नाचा दहावा भाग आणि पहिले पीक देवाला अर्पण करण्याचा नियम आहे. शेताच्या कडेचे पीक न कापता ते गरीब व परके यांच्यासाठी ठेवावे, असाही आदेश लेवीय या पुस्तकात आढळतो. रूथच्या पुस्तकातील सरवा वेचण्याचा प्रसंग याच प्रथेवर आधारलेला आहे. मलाखी या संदेष्ट्याच्या पुस्तकातील (३:१०) दशमांशाविषयीचे वचन आजही अनेक मंडळ्यांत अर्पणाच्या वेळी वाचले जाते.

नव्या करारात भर नियमावरून देणाऱ्याच्या मनावर येतो. मार्ककृत शुभवर्तमानात (१२:४१–४४) मंदिराच्या भांडारात दोन अतिशय लहान नाणी टाकणाऱ्या विधवेचा प्रसंग आहे. श्रीमंतांनी आपल्या विपुलतेतून दिले, तर तिने आपल्या उपजीविकेतून दिले. म्हणून तिचे दान सर्वांत मोठे, असे येशू सांगतो. लूककृत शुभवर्तमानातील (१९:१–१०) जकातदार जक्कय येशूला घरी आनंदाने उतरवून घेतो आणि आपली निम्मी मालमत्ता गरिबांना देण्याचे ठरवतो. त्याच्यावर कोणी अट घातलेली नसते. मत्तयकृत शुभवर्तमानात (६:१–४) दान गुप्तपणे करावे, त्याचा गाजावाजा करू नये, अशी शिकवण आहे.

या विषयाचे सर्वांत सविस्तर विवेचन पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या व नवव्या अध्यायांत आढळते. यरुशलेम येथील गरीब ख्रिस्ती लोकांसाठी पौल निधी गोळा करीत होता. मासेदोनियातील मंडळ्या स्वतः दारिद्र्यात असूनही त्यांनी आपल्या शक्तीपलीकडे दिले, हे उदाहरण तो करिंथकरांपुढे ठेवतो. प्रत्येकाने आपल्या मनात ठरवल्याप्रमाणे द्यावे, दडपणाखाली किंवा कुरकुरत देऊ नये, असे तो सांगतो. आनंदाने देणाऱ्यासाठी त्याने 'हिलारोस' हे ग्रीक विशेषण योजले आहे.

समाधानाची संकल्पना

याच संदर्भात पौलाने वापरलेला 'ऑतार्केया' हा दुसरा ग्रीक शब्द महत्त्वाचा आहे. स्टोइक तत्त्वज्ञांच्या लेखी त्याचा अर्थ स्वयंपूर्णता, म्हणजे बाह्य परिस्थितीवर वा इतरांवर अवलंबून नसणे, असा होता. पौल हा शब्द घेतो, परंतु त्याचा रोख बदलतो. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (९:८) माणसाजवळ पुरेसे असण्याचा हेतू इतरांच्या उपयोगी पडता यावे हा आहे. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात (४:१०–१३) तो बंदिवासात असताना विपुलता व टंचाई या दोन्हींत तृप्त राहण्यास शिकल्याचे सांगतो. हे पत्र एपफ्रदीत याच्या हाती आलेल्या देणगीबद्दल कृतज्ञता व्यक्त करणारे आहे, ही लक्षात घेण्याजोगी गोष्ट होय. तृप्त असलेला माणूसही दान स्वीकारतो, आणि त्यातून घेणारा व देणारा यांच्यात नाते निर्माण होते, असा त्याचा आशय आहे. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात द्रव्यलोभाविषयीचा इशारा आणि उदार होण्याचा उपदेश एकाच ठिकाणी येतात.

ख्रिस्ती विचारानुसार दान आणि समाधान यांचा संबंध दुहेरी आहे. तृप्त माणसाला संग्रहाची चिंता कमी असल्याने तो सहज देऊ शकतो. दुसरीकडे, नियमित देण्याच्या सवयीने मालमत्तेवरील मनाची पकड सैल होते आणि तृप्ती वाढते.

आरंभीची मंडळी

दुसऱ्या शतकाच्या मध्यास जस्टिन मार्टर या लेखकाने रविवारच्या उपासनेचे वर्णन केले आहे. त्यानुसार ज्यांची ऐपत व इच्छा असेल ते आपापल्या मर्जीने देत. जमलेला निधी मंडळीच्या प्रमुखाकडे ठेवला जाई आणि त्यातून अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान व परगावचे लोक यांना साहाय्य केले जाई.

अहमदनगर जिल्ह्यातील परंपरा

अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये अहमदनगर येथे ठाणे स्थापन केले आणि १८३३ मध्ये तेथे मंडळी संघटित झाली. 'ज्ञानोदय' हे नियतकालिक १८४२ मध्ये येथूनच निघू लागले. १८५४–५५ मध्ये अमेरिकन बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन यांनी पश्चिम भारताला भेट दिली. मंडळीने स्वतःचा कारभार पाहावा, स्वतःचा खर्च भागवावा आणि स्वतःच प्रसार करावा, हे त्यांचे धोरण होते. हरी रामचंद्र खिस्ती व रामकृष्णपंत मोडक यांना १८५४ मध्ये पाळक म्हणून दीक्षा मिळाली.

परंतु स्थानिक पाळकाचे वेतन स्थानिक मंडळीने देणे सोपे नव्हते. खेड्यांतील ख्रिस्ती कुटुंबे मोठ्या संख्येने महार व मांग या समाजांतून आली होती. त्यांची उपजीविका मुख्यतः बलुत्याच्या धान्यावर आणि मजुरीवर चालत असे. जिल्ह्याचा बराच भाग अवर्षणप्रवण असून १८७६–७८ आणि १८९९–१९०० या दुष्काळांत येथील लोकांची मोठी हलाखी झाली. अशा परिस्थितीत धान्य हेच देण्याचे स्वाभाविक साधन होते.

आजही ग्रामीण मंडळ्यांत हंगामाचा सण साजरा होतो. ज्वारी, बाजरी, गहू, भाजीपाला, फळे, अंडी, कोंबड्या अशा वस्तू लोक उपासनेसाठी आणतात. उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. लिलावात बोली बाजारभावापेक्षा चढी लावली जाते, कारण वस्तू स्वस्त मिळवणे हा तिचा उद्देश नसतो. ज्याच्या शेतात काही पिकले नाही त्यालाही बोली लावून दान देता येते. स्वयंपाकाच्या वेळी मूठभर धान्य बाजूला काढून ते मंडळीस देण्याची प्रथा भारतातील अनेक ख्रिस्ती समाजांत आहे. मिझोराममध्ये ती 'बुहफाय थम' या नावाने प्रसिद्ध आहे.

अहिल्यानगर शहरालगतच्या नागापूरसारख्या औद्योगिक वसाहतींच्या परिसरात उत्पन्न हंगामावर अवलंबून नसून मासिक वेतनाच्या रूपात येते. साहजिकच तेथे धान्याची जागा रोख रक्कम, पाकीट आणि अलीकडे मोबाईलवरून पाठवलेले पैसे घेतात. रक्कम निश्चित झाल्याने दशमांश मोजणे सुलभ होते. मात्र शेजाऱ्यांसमवेत वस्तू आणण्यातील सामूहिक उत्सवाचा भाग कमी होतो.

नारायण वामन टिळक व लक्ष्मीबाई टिळक

कवी नारायण वामन टिळक (मृत्यू १९१९) यांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतर अहमदनगर व राहुरी ही त्यांची प्रमुख कर्मभूमी झाली. भारतीय ख्रिस्ती मंडळी परावलंबी राहू नये, असा त्यांचा आग्रह होता. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचे वेतन सोडले, संन्यस्त वृत्तीने राहण्याचे ठरवले आणि सातारा येथे 'देवाचा दरबार' ही संकल्पना मांडली. तीत बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना स्थान होते. तुकारामांच्या अभंगांचा त्यांच्यावर सखोल प्रभाव होता. सावकारीची खतपत्रे इंद्रायणीत बुडवणाऱ्या तुकारामांची परंपरागत कथा महाराष्ट्रात सर्वश्रुत असल्याने टिळकांचा त्याग मराठी वाचकाला परका वाटला नाही.

या औदार्याची दुसरी बाजू लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात दिसते. हाती आलेले पैसे व वस्तू टिळक सहज देऊन टाकीत आणि घरात चणचण भासे, ती निभावण्याचे काम लक्ष्मीबाईंकडे येई. त्यांनी हे प्रसंग विनोदाने, परंतु काहीही न लपवता सांगितले आहेत. त्याच घरात दोघांनी निराधार मुलांना आश्रयही दिला. देणाऱ्याच्या आनंदाची किंमत घरातील दुसऱ्या व्यक्तीला मोजावी लागू शकते, हा मुद्दा मराठी साहित्यात या ग्रंथाइतक्या स्पष्टपणे क्वचितच आला आहे. दान कुटुंबाच्या संमतीने व्हावे, ही अपेक्षा समजून घेण्यासाठी म्हणूनच त्याचे वाचन उपयुक्त ठरते.

इतर परंपरा

कॅथलिक धर्ममंडळात ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या प्रायश्चित्तकाळात प्रार्थना, उपवास आणि दानधर्म या तीन गोष्टींवर भर असतो. उपवासामुळे वाचलेले गरजूंना द्यावे, असा त्यांतील संबंध आहे. मुक्तिफौजेत स्वतःची एखादी आवड वा सोय काही काळ सोडून वाचलेली रक्कम सेवाकार्यासाठी देण्याची वार्षिक मोहीम १८८६ पासून चालत आली आहे. अहिल्यानगर येथील बूथ रुग्णालय याच संस्थेमार्फत चालवले जाते.

आधुनिक संशोधन

एलिझाबेथ डन, लारा अक्निन व मायकेल नॉर्टन यांनी २००८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सहभागी व्यक्तींना पाच किंवा वीस डॉलर देण्यात आले. ते इतरांसाठी खर्च करणारे लोक स्वतःवर खर्च करणाऱ्यांपेक्षा दिवसअखेर अधिक आनंदी आढळले. रक्कम किती होती याने फरक पडला नाही. २०१३ मधील अभ्यासात १३६ पैकी १२० देशांत दान व सुखभावना यांचा अनुकूल संबंध दिसला. पुढील मोठ्या चाचण्यांत मात्र परिणामाचे प्रमाण लहान असल्याचे आढळले. मदत स्वेच्छेने केलेली असेल तरच ती करणाऱ्याचे समाधान वाढते, असेही संशोधन आहे. दडपणाखाली देऊ नये या पौलाच्या सूचनेशी ते मिळतेजुळते आहे. तथापि ख्रिस्ती विचारात आनंद हा दानाचा हेतू नसून त्याचे फळ मानला जातो.

टीका व मतभेद

दशमांश ख्रिस्ती व्यक्तीवर बंधनकारक आहे की नाही, याविषयी मतभेद आहेत. काही मंडळ्या तो किमान मर्यादा मानतात, तर काहींच्या मते नव्या करारात ठरावीक प्रमाण नाही. सर्वांत तीव्र टीका 'समृद्धीच्या शुभवर्तमाना'वर होते. दिलेल्या पैशाच्या अनेक पट परतावा व आरोग्य मिळेल, असे या शिकवणीत सांगितले जाते. टीकाकारांच्या मते यामुळे दानाचे रूपांतर गुंतवणुकीत होते आणि कर्जबाजारी कुटुंबांवर दडपण येते. विधवेच्या दोन नाण्यांच्या प्रसंगाआधीच येशूने विधवांची घरे गिळणाऱ्या शास्त्र्यांचा निषेध केला आहे. त्यामुळे गरिबांकडून दान मागण्यासाठी तो उतारा वापरणे अनुचित आहे, असे काही अभ्यासक म्हणतात.

दानाचा विश्वास टिकण्यासाठी हिशेबाची पारदर्शकताही आवश्यक मानली जाते. पौलाने यरुशलेमचा निधी एकट्याने न नेता मंडळ्यांनी निवडलेल्या प्रतिनिधींसह पोहोचवण्याची व्यवस्था केली होती. महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त संस्थांना १९५० च्या कायद्यानुसार धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी करून लेखापरीक्षित हिशेब ठेवावे लागतात.

हे सुद्धा पहा

दशमांश
नारायण वामन टिळक
स्मृतिचित्रे
ज्ञानोदय
अमेरिकन मराठी मिशन