घरची जाई फुलत कां नाहीं?

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं पडवीशेजारीं, न्हाणीच्या पाण्यावर किंवा गच्चीवरील कुंडींत जाईची एक तरी वेल असते. वेल हिरवीगार दिसते, वाढतेही भरपूर. परंतु फुलें पाहावीं तर मोजून दहावीस. दोनतीन वर्षें वाट पाहून मालक "ही वेल वांझ आहे" असा निकाल देतो व ती उपटून टाकतो; आणि ज्या घरीं बारमाही पाणी आहे त्याच घरच्या बायका सणासुदीला बाजारांतून गजरे विकत आणतात. आमच्याच गांवांत अशा कित्येक वेली उकिरड्यावर गेलेल्या आम्हीं पाहिल्या आहेत. त्यांतील बहुतेक निर्दोष होत्या असें आमचें स्पष्ट मत आहे, व तें कां तें येथें सांगावयाचें आहे.

जाई, जुई, चमेली हीं नांवें लोक एकमेकांच्या जागीं सर्रास वापरतात. म्हणून प्रथम ओळख पटवून घेऊं. जाईचें पान संयुक्त असतें, म्हणजे एका दांड्यावर साधारणपणें सात लहान पानें असतात. फूल पांढरें, पांच पाकळ्यांचें. कळी मात्र बाहेरून गुलाबी छटेची. उत्तरेकडे हिलाच चमेली म्हणतात. जुईचें पान वरवर पाहतां एकच दिसतें. पण दांड्याजवळ नीट निरखल्यास दोहों बाजूंस कानाच्या पाळीसारखीं दोन इवलीं पानें बहुधा सांपडतात, आणि 'कानांची' अशा अर्थाचें लॅटिन नांव शास्त्रज्ञांनीं तिला दिलें तें यावरूनच. पुढील विवेचन मुख्यतः जाईचें आहे. जुईला तें थोड्या फरकानें लागू पडतें.

जाईला फूल येतें तें त्याच हंगामांत फुटलेल्या नव्या फांदीच्या शेंड्यावर व तिच्या पोटफांद्यांवर. जुनी, तपकिरी, लांकडासारखी झालेली फांदी स्वतः फुलत नाहीं. तिच्यावर नवी फूट निघाली तरच फूल. जी वेल कधींच छाटली जात नाहीं तिची नवी फूट दरवर्षीं वर वर सरकते, उन्हाच्या ओढीनें छपरापलीकडे जाते, आणि खालीं दोरखंडासारखे जुने वेढे तेवढे राहतात. जीं थोडीं फुलें येतात तीं शेजाऱ्याच्या कौलांवर! जुन्या फांद्यांची दाटी झाली कीं आंत ऊन व वारा शिरत नाहीं, आणि मग कोवळी फूट निघाली तरी ती पांढुरकी, लांबट व बिनकळ्यांची निघते.

नाशिक व सांगलीकडील द्राक्षबागाइतदार एप्रिलांत खरड छाटणी आणि ऑक्टोबरांत गोडी छाटणी न चुकतां करतो. छाटणी चार दिवस लांबली तर त्याला झोंप येत नाहीं. तोच गृहस्थ घरच्या जाईला कात्री लावूं म्हटल्यास "देवाच्या फुलांची वेल, तिला कशाला हात लावतां?" असें म्हणून आडवा येतो. वास्तविक जाईची छाटणी द्राक्षापेक्षां पुष्कळ सोपी. द्राक्षाचा घड कोणत्या डोळ्यांतून निघणार हें आधींच्या हंगामांतच ठरून गेलेलें असतें, म्हणून तेथें डोळे मोजावे लागतात. जाईच्या बाबतींत हा हिशेब नाहीं. कोणत्याही निरोगी डोळ्यांतून निघालेली जोमदार फूट फुलूं शकते.

तमिळनाडूंत या फुलांची मोठी शेती होते. तेथें मोगरा नोव्हेंबरअखेर, जाई डिसेंबरच्या उत्तरार्धांत आणि जुई जानेवारीअखेर छाटण्याचा प्रघात आहे. आपल्याकडेही हाच क्रम धरण्यास हरकत नाहीं. छाटणीपूर्वीं दहापंधरा दिवस पाणी कमी करावें, म्हणजे वेलीला विसांवा मिळतो. कुंडींतील वेल मातीपासून दीड-पावणेदोन फुटांवर सरळ कापावी. मांडवावर चढविलेली वेल इतकी खालीं आणावयाची नसेल, तर दोनतीन मुख्य खोडें कायम ठेवून बाकीच्या आडव्या फांद्या दोनतीन डोळ्यांपर्यंत आंखूड कराव्या. वाळलेली, रोगट व आंत वळलेली फांदी मुळापासून काढावी. कात्री धारेची असावी. बोथट कोयत्यानें ठेचलेला काप वाळत वाळत खालीं उतरतो. यानंतर महिनाभर वेल अगदीं ओकीबोकी दिसते व घरांतील वडील मंडळी बोल लावतात. तेवढा महिना सोसावा. फेब्रुवारींत फूट दिसूं लागते, उन्हाळ्यांत ती वाढते, आणि पावसाळ्याच्या सुमारास कळ्या धरूं लागतात.

नवी फूट वाढतांना ती सरळ वर जाऊं न देतां आडवी बांधावी. काकडी-कारल्याच्या वेलीस आधार पकडण्याचे जे तंतू असतात ते जाईला नसतात, त्यामुळें तिला आपण बांधावेंच लागतें. मग आडवें कां बांधूं नये? उभ्या फांदीचा सारा जोर शेंड्याकडे जातो. आडव्या फांदीवर जागोजाग पोटफांद्या फुटतात, आणि जितकीं टोकें तितके कळ्यांचे झुपके. सुतळी सैल बांधावी.

छाटणीखालोखाल दुसरें कारण उन्हाचा अभाव. जाईला रोज निदान पांच-सहा तास प्रत्यक्ष ऊन लागतें. शहरांतील आमचे कांहीं नातलग कुंडी दिवाणखान्यांत शोभेकरितां ठेवतात आणि फुलांची तक्रार आम्हांस सांगतात! दिवाणखान्यांत पानें येतील, फुलें नाहींत. घराच्या पूर्वेची किंवा दक्षिणेची उघडी बाजू उत्तम.

तिसरें कारण शेतकऱ्याच्या घरींच विशेष आढळतें, तें म्हणजे खताचा अतिरेक. कोठीच्या खोलींत युरियाचें पोतें असतें, येतां जातां मूठभर कुंडींत टाकलें जातें. नत्र फार झाल्यास वेल पानांवर जाते, हें ऊंस-कपाशी करणाऱ्यांस आम्हीं सांगावें असें नाहीं. शिवाय कुंडीच्या थोड्याशा मातींत मूठभर युरियानें मुळें जळतात तें वेगळेंच. छाटणीनंतर दोनतीन ओंजळी कुजलेलें शेणखत, आणि पावसाळ्याच्या आरंभीं पुन्हां तितकेंच, एवढ्यावर कुंडींतील वेलीचें वर्ष निघतें.

कुंडी दीड फूट तोंडाची, तळाला भोंक असलेली हवी. तांबडी किंवा पोयट्याची माती दोन भाग, शेणखत एक भाग व जाड वाळू एक भाग हें मिश्रण चांगलें. भोंकावर खापरीचा एक तुकडा पुरे. तळाशीं खडीचा थर दिल्यानें निचरा वाढतो ही समजूत खरी नव्हे, त्यानें फक्त मातीची जागा कमी होते. बोट दोन पेरें मातींत घालून पाहावें. कोरडें लागल्यास भरपूर पाणी द्यावें, ओलें लागल्यास मुळींच देऊं नये.

देशावरील काळ्या, चुनखडीच्या जमिनींत एक निराळीच अडचण येते. कोवळीं पानें पिवळीं पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोक याला पाण्याची कमतरता समजून अधिक पाणी घालतात व दुखणें वाढवितात. खरें पाहतां मातींत लोह असतें, पण चुन्यामुळें तें मुळांना घेतां येत नाहीं. यावर हिराकस दर लिटर पाण्यांत 5 ग्रॅम विरघळवून सकाळीं किंवा सायंकाळीं पानांवर फवारावा, व पंधरा दिवसांच्या अंतरानें पानें हिरवीं होईतों पुन्हां पुन्हां द्यावा. ज्यांच्या विहिरीचें पाणी मचूळ आहे त्यांनीं जाईसाठीं पावसाचें पाणी सांठवावें हें बरें.

किडींविषयीं थोडक्यांत. कळ्या जांभळट होऊन गळत असतील व त्यांना बारीक छिद्र असेल, तर आंत अळी आहे. अशा कळ्या रोज तोडून जाळाव्या आणि निंबोळी अर्क फवारावा. पानांवर व कोवळ्या फांद्यांवर पांढरी लव उठल्यास ती बुरशी नसून अति सूक्ष्म कोळ्यांचें काम असतें, व तें जुईवर अधिक दिसतें. तितका भाग कापून पाण्यांत मिसळणारें गंधक लिटरला 2 ग्रॅम या प्रमाणानें फवारावें. कोइमतूर येथील कृषि विद्यापीठानें निवडलेली 'पारिमुल्लै' ही जुईची जात या कोळ्यांस दाद देत नाहीं.

राहतां राहिला नवीन रोपाचा प्रश्न. तें भरपूर फुलणाऱ्या वेलीवरूनच घ्यावें. जून-जुलैमध्यें खालची एक पिकत आलेली फांदी वांकवून, एका पेराखालीं साल किंचित् खरवडून, तो भाग शेजारच्या मातीच्या भांड्यांत दोन बोटें खोल पुरावा आणि वर दगड ठेवावा. शेंडा बाहेर असूं द्यावा. दोनतीन महिन्यांत मुळें धरतात. हलकेंच ओढून पाहिल्यावर फांदी हलली नाहीं तर ती मूळ वेलीपासून तोडावी, व नवें रोप आठ दिवस सावलींत ठेवून मग उन्हांत आणावें.