पेशी आणि धूळ



कार्यक्रमपत्रिकेवर माझ्या नावापुढे 'पेशी' हा विषय पाहून आमच्या युनियनच्या एका जुन्या सभासदाने मला विचारले, "भाऊ, कुठल्या कोर्टातली पेशी?" त्याचा प्रश्न वावगा नव्हता. लेबर कोर्टाच्या पायऱ्या झिजवण्यातच माझी बरीच वर्षे गेली. मी डॉक्टर नाही, प्राध्यापकही नाही. माझी शाळा दहावीला सुटली. पुढे जे काही शिकलो ते वाचनालयातील पुस्तकांनी आणि माझे अडाणी प्रश्न न कंटाळता ऐकून घेणाऱ्या काही डॉक्टरांनी शिकवले. मग या विषयात मी का पडलो, हे आधी सांगितले पाहिजे.

आपल्या एव्हरशाईन सिटीच्या पूर्वेला गोखिवरे, सातिवली, वालीव या बाजूला कारखान्यांचे गाळे आहेत. या पट्ट्यातील एका गाळ्यात माझा एक सोबती वाळूच्या फवाऱ्याने लोखंडी भागांवरचा गंज काढण्याचे, म्हणजे सँडब्लास्टिंगचे काम करी. त्याला खोकला लागला, जिना चढताना धाप लागू लागली. क्षय समजून औषधे दिली. गुण आला नाही. पुन्हा दिली, पुन्हा तेच. अखेर एका डॉक्टरांनी एक्सरे पाहता पाहता त्याला विचारले, "काम काय करतोस?" त्या एका प्रश्नाने रोगाचे खरे नाव कळले : सिलिकोसिस. तो काम सोडून गावी गेला. वर्षभराने मी भेटायला गेलो तेव्हा तो उशाला तीन उशा घेऊन बसूनच झोपत होता. त्याने मला विचारले, "भाऊ, काम सुटलं, धूळ सुटली, मग दुखणं का वाढतंय?" मला उत्तर देता आले नाही. त्या वेळी त्याचे वय चौतीस होते. पुढे तो गेला. त्याच्या प्रश्नाचे उत्तर शोधताना मी पेशीपाशी येऊन पोचलो. तेच उत्तर आज आपल्यापुढे मांडतो.

पेशी म्हणजे काय? घर विटांचे, तसे शरीर पेशींचे, असे शाळेत सांगतात. पण वीट जिवंत नसते. पेशी खाते, श्वसन करते, टाकाऊ द्रव्य बाहेर टाकते, एकीच्या दोन होते आणि मरते. जिवंतपणाची सर्व लक्षणे जिच्यात आहेत अशी सर्वांत लहान वस्तू म्हणजे पेशी. बहुतेक पेशी इतक्या बारीक असतात की, एका मिलिमीटरच्या जागेत पन्नासएक ओळीने मावाव्यात. मानवी शरीरात अशा सुमारे ३० लाख कोटी पेशी असाव्यात, असा आजचा अंदाज आहे.

रॉबर्ट हूक या इंग्रज संशोधकाने १६६५ मध्ये बुचाची चकती सूक्ष्मदर्शकाखाली धरली. तिच्यातील रिकाम्या कप्प्यांना त्याने खोल्या म्हटले, आणि इंग्रजीत पेशीला तेच नाव पडले. त्याने पाहिली ती मेलेली घरे होती. आतला रहिवासी त्याला दिसला नव्हता. १८३८-३९ मध्ये श्लायडेन आणि श्वान या जर्मन शास्त्रज्ञांनी वनस्पती व प्राणी पेशींचेच बनलेले आहेत हे मांडले. १८५५ मध्ये रुडॉल्फ फिरखो याने प्रत्येक पेशी आधीच्या पेशीपासूनच जन्मते, हे तत्त्व ठासून सांगितले. या फिरखोची आपल्याला शेवटी पुन्हा गाठ पडणार आहे.

पेशी शरीराबाहेर काचपात्रातही जगवता येते. हे शास्त्र आपल्याकडे रुजवण्याचे श्रेय पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांना आहे. अमेरिकेत बाल्टिमोर येथे जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी हे तंत्र आत्मसात केले आणि १९६० नंतरच्या दशकात मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये पेशीसंवर्धनाची देशातील पहिली प्रयोगशाळा उभारली. धन्याच्या देहापासून वेगळी काढलेली पेशीही योग्य अन्न व ऊब मिळाल्यास आपले काम करीत राहते, हे ज्याला पाहता आले त्याला ती केवळ वीट वाटणार नाही.

आता पेशीच्या आत शिरू. तिच्याभोवती स्निग्ध पदार्थाच्या दोन थरांचे पटल असते. एका मिलिमीटरचे एक लाख भाग केले तर त्यातील एका भागाहूनही ते पातळ असते. पण काय आत घ्यावे व काय बाहेर ठेवावे याची निवड तेथेच होते. आत दाट पेशीद्रव्य, आणि त्यात बहुधा मध्यभागी केंद्रक. केंद्रकात ४६ गुणसूत्रे असतात. २३ आईकडून आलेली, २३ बापाकडून. त्यांतील डीएनएचा धागा उलगडून सरळ केला तर सुमारे दोन मीटर भरेल.

पुष्कळ पुस्तकांत पेशीला कारखाना म्हणतात आणि केंद्रकाला मॅनेजर. ही उपमा मला अर्धीच पटते. केंद्रक कोणाला हुकूम सोडीत नाही. ते दप्तर आहे. पेशीला काय हवे त्याप्रमाणे त्या दप्तरातील नेमके पान उघडले जाते. मूळ कागद बाहेर जात नाही, त्याची नक्कल बाहेर पाठवली जाते. ती नक्कल वाचून रायबोझोम नावाचे सूक्ष्म कण प्रथिने तयार करतात. आंतर्द्रव्यजालिका आणि गॉल्गी संकुल या प्रथिनांची घडी घालून ती जिथल्या तिथे पोचवतात. तंतुकणिका प्राणवायूच्या साह्याने अन्नातील शक्ती मोकळी करतात. ही शक्ती थांबली तर सारेच थांबते. मेंदूतील पेशी प्राणवायूवाचून काही मिनिटेच तग धरतात.

याखेरीज पेशीत आणखी एक लहानशी पिशवी असते, आणि आपल्या आजच्या गोष्टीत तिला महत्त्व आहे. तिचे मराठी नाव लयकारिका. बेल्जियमचे क्रिस्तियान द दूव्ह यांनी १९५५ मध्ये ती प्रथम ओळखली. तिच्यात तीव्र पाचकरस असतात. पेशीतील मोडके भाग आणि बाहेरून गिळलेले जंतू येथे विरघळवले जातात. हे रस पिशवीत आहेत तोवर उपकारक. पिशवी फुटली तर ते पेशीलाच पचवू लागतात.

सगळ्या पेशींचे दप्तर जवळजवळ एकच, पण कामे निरनिराळी. मज्जापेशीचा धागा पाठीच्या कण्यापासून पायाच्या बोटापर्यंत, सुमारे मीटरभर लांब जातो. तांबडी रक्तपेशी तर प्राणवायू वाहण्यासाठी जास्त जागा व्हावी म्हणून आपले केंद्रकच टाकून देते आणि सुमारे १२० दिवस राबून संपते. तिच्या जागी नव्या घालण्यासाठी हाडांतील मगज दर सेकंदाला वीस लाखांच्या आसपास तांबड्या पेशी तयार करतो. आतड्याचे अस्तर चार-पाच दिवसांत नवे होते. आपण झोपलो तरी ही पाळी सुटत नाही.

आता फुफ्फुसाकडे वळू. श्वासनलिकेला फाटे फुटत फुटत शेवटी ३० ते ५० कोटी सूक्ष्म वायुकोश होतात. त्यांच्या पातळ भिंतीतून प्राणवायू रक्तात उतरतो. हवेतील जाड धूळ नाकात आणि वरच्या नळ्यांत अडकते. तेथील पेशींवरचे केसांसारखे तंतू ती कफाबरोबर वर ढकलतात. परंतु मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाहून बारीक धूळ थेट वायुकोशापर्यंत जाते. ही धूळ डोळ्यांना दिसत नाही. म्हणून गाळ्यात दिसणाऱ्या धुळीपेक्षा न दिसणारी धूळ अधिक घातक.

वायुकोशात असे तंतू नाहीत. तेथे भक्षकपेशी फिरत असतात. अशा पेशींचे काम एल्या मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञाने १८८२ मध्ये ओळखले. तारामाशाच्या पारदर्शक अर्भकात त्याने काटा टोचला आणि फिरत्या पेशी त्या काट्याभोवती गोळा झालेल्या पाहिल्या. या मेचनिकॉफचा ओडेसा येथील विद्यार्थी म्हणजे वाल्डेमार हाफकिन. प्लेगच्या साथीत मुंबईत लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी त्याने ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. परळच्या हाफकिन संस्थेवरून लहानपणी मी रोज जात असे. माझे वडील गिरणीच्या कार्डिंग खात्यात होते. कापसाच्या तुसाने खोकत घरी येत. त्या फाटकावरील नावाचा त्या खोकल्याशी दूरचा तरी संबंध असेल, हे तेव्हा कोण सांगणार?

भक्षकपेशीची रीत साधी आहे. जंतू दिसला की त्याला पटलाने वेढून आत घ्यायचे आणि लयकारिकेच्या हवाली करायचे. आता जंतूच्या जागी गारगोटीचा कण आला असे समजा. वाळूचा मुख्य घटक हाच, सिलिका. भक्षकपेशी त्यालाही गिळते. लयकारिका त्याच्यावर आपले रस सोडते. पण दगड पचत नाही. उलट त्याच्या ताज्या फुटलेल्या पृष्ठभागाने लयकारिकेचेच पटल फाटते. रस पेशीत सांडतात. पेशी मरते. मरताना ती धोक्याचे रासायनिक संदेश पाठवते, त्यांनी आणखी पेशी धावून येतात. कण मात्र होता तसाच मोकळा होतो. दुसरी पेशी त्याला गिळते; तीही मरते. मग तिसरी.

माझ्या सोबत्याच्या प्रश्नाचे उत्तर हे आहे. त्याने धूळ सोडली होती. धुळीने त्याला सोडले नव्हते.

ह्या संदेशांनी तंतुजनक पेशीही जाग्या होतात. जखम भरताना चिवट तंतू विणणे हे त्यांचे काम. येथे जखम मिटतच नाही, म्हणून विणणेही थांबत नाही. फुफ्फुसात घट्ट गाठी होतात, वायुकोश आवळले जातात, हवा आत आली तरी प्राणवायू रक्तात उतरत नाही. हे वण पुसून टाकणारे औषध आजही नाही. आणखी एक गोष्ट. क्षयाच्या जंतूला आवरणारी पेशीही हीच. ती दुबळी झाली की क्षय सहज शिरतो. म्हणजे सिलिकोसिस क्षयासारखा दिसतो आणि क्षयाला बोलावतोही. दोहोंत गफलत होते ती त्यामुळे.

आमच्याकडे धुळीच्या कामावर गूळ वाटण्याची चाल आहे. गूळ खावा, चांगला असतो. पण तो अन्ननलिकेने पोटात जातो, आणि कण बसला आहे वायुकोशातील पेशीत. तोंडाला बांधलेल्या रुमालाचेही तेच : त्याच्या विणीतून हा कण सहज पार होतो. मालक म्हणतात, कामगार मास्क लावीत नाहीत. काही वेळा ते खरेही असते. पण मास्क हा शेवटचा उपाय आहे. पहिला उपाय वाळूच्या जागी पोलादी छर्रे वापरण्याचा. ब्रिटनने १९४९ च्या नियमांनी अशा फवाऱ्यात वाळू वापरण्यास बंदी केली. दुसरा उपाय पाण्याने धूळ जागीच बसवण्याचा, तिसरा ती उगमापाशीच खेचून घेणाऱ्या पंख्याचा. धोका कुठे आहे तेही नीट ओळखले पाहिजे. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात गारगोटीचा अंश थोडा असतो. ओतशाळेची वाळू, काच आणि चिनी मातीची कामे, वाळूचा फवारा यांत तो भरपूर असतो.

कायद्याला हा रोग नवा नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात सिलिकोसिसचे नाव होते. २०२० च्या सुरक्षा संहितेच्या परिशिष्टातही आहे. असा रोगी आढळला तर डॉक्टराने सरकारला कळवावे, असे कायदा सांगतो. पण केसपेपरवर 'क्षय' एवढेच लिहिले गेले, तर कळवायचे काय आणि भरपाई मागायची कशाच्या आधारावर?

आता फिरखो. १८४८ मध्ये प्रशियाच्या सरकारने त्याला वरच्या सायलेशियात तापाच्या साथीची पाहणी करण्यास पाठवले. तेथील गरीब जनतेची दैना पाहून त्याने जो अहवाल दिला त्यात औषधांबरोबरच शिक्षण, स्वातंत्र्य आणि पोटभर अन्न मागितले. सरकारला तो रुचला नाही. पुढे याच माणसाने रोगाचे मूळ पेशीत शोधावे, हे जगाला शिकवले. या दोन गोष्टींत मला विसंगती दिसत नाही. सूक्ष्मदर्शकात पाहिले तर रोग पेशीत आहे. पेशीपर्यंत तो कोणत्या वाटेने आला हे पाहायला गाळ्याच्या दारात उभे राहावे लागते.

इटलीच्या रामाझ्झिनी या वैद्याने १७०० साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. रोग्याला विचारायच्या प्रश्नांत 'तुझा धंदा कोणता' हा एक प्रश्न वाढवा, असे त्याने वैद्यांना सांगितले. माझ्या सोबत्याला तो प्रश्न फार उशिरा विचारला गेला. आपल्यापैकी बहुतेक घरांतील कोणी ना कोणी सकाळची पाळी गाठायला निघते. त्यांच्यापैकी कोणी खोकत दवाखान्यात गेले, तर सोबत जा. केसपेपरवर धंद्याची जागा असेल तर ती कोरी ठेवू देऊ नका. नसेल तर डॉक्टरांना तोंडी सांगा : काय काम करतो, किती वर्षे करतो, धूळ कशाची उडते. आणि ते कागदावर उतरवून घ्या.