पॅकेज मॅनेजरची निवड : गैरसमज आणि वस्तुस्थिती

सॉफ्टवेअर शोधणे, डाउनलोड करणे, इन्स्टॉल करणे, अपडेट करणे आणि नको असेल तेव्हा काढून टाकणे, ही कामे पॅकेज मॅनेजर करतो. एका पॅकेजला चालायला दुसरी कोणती पॅकेजे लागतात आणि त्यांच्या कोणत्या आवृत्त्या एकमेकींशी जमतात, याचा हिशेब ठेवणे हा त्यातला खरा अवघड भाग. डेबियन आणि उबंटूवर एपीटी, फेडोरावर डीएनएफ, मॅकवर होमब्रू किंवा मॅकपोर्ट्स, विंडोजवर विनगेट, चॉकलेटी किंवा स्कूप वापरतात. शिवाय पायथनसाठी पिप, जावास्क्रिप्टसाठी एनपीएम आणि रस्टसाठी कार्गो आहेतच.

या सगळ्यांतून एकच ‘सर्वांत चांगला’ निवडायचा असतो, हा पहिला गैरसमज. एपीटी किंवा होमब्रू पूर्ण संगणकाची व्यवस्था पाहतात, तर पिप किंवा एनपीएम एखाद्या प्रकल्पाला लागणाऱ्या लायब्रऱ्या आणतात. गिट, कंपायलर, डेटाबेस ही पहिल्यांची कामे. वेब फ्रेमवर्क हे दुसऱ्यांचे. बहुतेक प्रकल्पांना दोन्ही लागतात आणि गोंधळ होतो तो एकाचे काम दुसऱ्याला दिल्यावर.

पायथनमध्ये हे स्पष्ट दिसते. डेबियनवरची अनेक साधने पायथनमध्ये लिहिलेली आहेत आणि त्यांना लागणाऱ्या लायब्रऱ्या एपीटीने मोजूनमापून बसवलेल्या असतात. ‘सुडो पिप इन्स्टॉल’ दिले की पिप त्याच पायथनला त्याच लायब्ररीची नवी आवृत्ती जोडतो. एपीटीला याचा पत्ता नसतो, आणि एरवी नीट चालणारे सिस्टिमचे साधन एकाएकी बंद पडते. म्हणूनच २०२३ साली आलेल्या डेबियन १२ पासून तिथला पिप असे इन्स्टॉलेशन नाकारतो आणि ‘हे वातावरण बाहेरून सांभाळले जाते’ अशा अर्थाचा संदेश देतो. नवशिक्यांना तो बिघाड वाटतो. तो बिघाड नाही, सिस्टिमचे रक्षण आहे. हा अडसर जबरदस्तीने ओलांडण्याचा पर्याय पिपमध्ये आहे, पण तो वापरू नये. प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये ‘पायथन३ -एम व्हेन्व्ह’ आणि पुढे नव्या फोल्डरचे नाव देऊन स्वतंत्र वातावरण तयार करावे आणि पिप तिथेच चालवावा.

आवृत्ती जितकी नवी तितकी सुरक्षित, ही समजूतही पक्की रुजलेली आहे. डेबियनच्या स्थिर शाखेत आवृत्तीचा क्रमांक सहसा बदलत नाही, मात्र सुरक्षेच्या दुरुस्त्या जुन्याच आवृत्तीत आणून बसवल्या जातात. त्यामुळे नुसता क्रमांक पाहून पॅकेज धोकादायक ठरवता येत नाही. उलट मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या ताज्या आवृत्त्यांत मुद्दाम पेरलेले चोरदार सापडले. एसएसएचने लॉगिन व्हायला सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा पिच्छा पुरवताना अँड्रेस फ्रॉइंड या डेव्हलपरने ते उघडकीला आणले. त्या आवृत्त्या डेबियनच्या चाचणी शाखेत पोहोचल्या होत्या. स्थिर शाखा त्यातून वाचली. अर्थात नव्या कंपायलरवर अवलंबून असलेल्या प्रकल्पाला स्थिर शाखा अपुरी पडते, हेही खरे.

पॅकेज मॅनेजरमधून आले म्हणजे कोणीतरी तपासलेच असेल, असे गृहीत धरणे सर्वांत घातक. डेबियनमध्ये पॅकेजांना जबाबदार देखभालकर्ते असतात. एनपीएमवर मात्र खाते उघडून कोणालाही पॅकेज टाकता येते, आणि प्रसिद्ध पॅकेजच्या नावात एखादे अक्षर बदलून सापळा लावण्याचे प्रकार तिथे घडलेले आहेत. विनगेट सहसा निर्मात्याचाच इन्स्टॉलर आणतो आणि त्याचा हॅश जुळतो का ते पाहतो. फाइल वाटेत बदललेली नाही, एवढेच त्यातून कळते. ती निर्दोष आहे की नाही, ते कळत नाही.

लायब्ररीचे नाव आणि क्रमांक लिहून ठेवले की सहकाऱ्याच्या संगणकावर तेच येईल, हेही अर्धसत्य आहे. ‘पॅकेज डॉट जेसन’ फाइलीत ४.१७.० च्या आधी कॅरटचे चिन्ह असेल, तर ५.० च्या खालची कोणतीही नवी आवृत्ती चालते. नेमके काय बसले ते लॉक फाइलीत नोंदले जाते. ती फाइल गिटमध्ये ठेवावी आणि ‘एनपीएम सीआय’ने इन्स्टॉल करावे. पण पॅकेज रिपॉझिटरीत कायम राहील याची हमी लॉक फाइलही देत नाही. मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड हे जेमतेम ११ ओळींचे पॅकेज लेखकाने एनपीएमवरून काढले, तेव्हा त्यावर आडवळणाने अवलंबून असलेल्या असंख्य प्रकल्पांचे बिल्ड अडले. त्यानंतर एनपीएमने पॅकेज काढण्याचे नियम कडक केले.

मॅकवर होमब्रू आणि मॅकपोर्ट्स दोन्ही ठेवले तर बिघडत नाही, असे मानले जाते. दोघांची फोल्डरे वेगळी असतात, त्यामुळे फाइली एकमेकींवर चढत नाहीत. पण पाथमध्ये, म्हणजे प्रोग्राम शोधायच्या फोल्डरांच्या यादीत, ज्याचे नाव आधी त्याचा प्रोग्राम चालतो, आणि बिल्ड करताना एकाचा कंपायलर दुसऱ्याची लायब्ररी उचलू शकतो. एकच ठेवणे शहाणपणाचे. होमब्रूचा कल ताज्या आवृत्तीकडे असतो. ‘ब्रू अपग्रेड’ दिल्यावर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडची मुख्य आवृत्तीच पुढे सरकू शकते. मॅकपोर्ट्समध्ये एकाच भाषेच्या अनेक आवृत्त्या शेजारी ठेवून त्यांतली एक निवडणे सोपे जाते. होमब्रूच वापरायचा असेल, तर नोडची आवृत्ती एनव्हीएमसारख्या साधनाने प्रकल्पागणिक ठरवावी.

विंडोजवर काम करणाऱ्यांचा प्रोग्राम शेवटी लिनक्स सर्व्हरवर चालणार असेल, तर विंडोजमध्येच लिनक्स चालवणाऱ्या डब्ल्यूएसएलमध्ये उबंटू घेऊन तिथला एपीटी वापरणे उत्तम. एडिटर आणि ब्राउझरसाठी विनगेट पुरतो.