अग्निबाणाचें इंजिन घडविणारे आजोबा

२३ ऑगस्ट २०२३ रोजीं सायंकाळीं सहा वाजून चार मिनिटांनीं चंद्रयान-३ चंद्रावर अलगद उतरलें, तेव्हां भारतांतील घराघरांतून टाळ्यांचा कडकडाट झाला. डोंबिवलीच्या एका घरींहि तो झाला. परंतु तेथें आनंदाच्या पाठोपाठ एक प्रश्न उभा राहिला. भिंतीवरील तसबिरीकडे बोट दाखवून धाकट्या नातवानें विचारलें, "आजोबा अग्निबाणाच्या कारखान्यांत होते ना? मग ते तेथें नेमकें काय करीत?" घरांतील कोणासहि धड उत्तर देतां आलें नाहीं. आजोबांच्या थट्टा सर्वांना पाठ होत्या. त्यांचें काम मात्र कोणालाच ठाऊक नव्हतें.

ठाणें, डोंबिवली, कल्याण या भागांत अशीं घरें आणखीहि असतील. विक्रोळीच्या गोदरेज कारखान्याचा भारतीय अंतराळ संशोधन संस्थेशीं संबंध गेल्या शतकाच्या नवव्या दशकांत जडला, आणि 'विकास' नांवाच्या इंजिनाचे भाग तेथें घडूं लागले. हें इंजिन मुळांत फ्रान्समधील 'व्हायकिंग' इंजिनाच्या विद्येवर आधारलेलें. त्यासंबंधींचा करार १९७४ सालचा. शास्त्रज्ञांनीं विद्या आणली. ती धातूंत उतरविली ती कारागिरांनीं. शास्त्रज्ञांचीं नांवें वर्तमानपत्रांत आलीं, कारागिरांचीं बहुधा घरांतच राहिलीं.

हे आजोबा मोठे रंगेल स्वभावाचे. सकाळच्या गाडींत भजनी मंडळी जमली कीं टाळ त्यांच्या हातीं आलाच म्हणून समजावें. दिवाळीच्या पहाटे नातवंडांना घेऊन ते फडके रस्त्यावर जात, आणि तेथील तरुण मंडळींच्या गर्दींत स्वतःच सर्वांत तरुण होत. विक्रोळीस जलद गाडी थांबत नाहीं. त्यामुळें ते म्हणत, "ज्याचें इंजिन सेकंदाला आठ किलोमीटर धांवणाऱ्या वस्तूला वर नेतें, तो मनुष्य जन्मभर धीम्या गाडीनें जातो!" यांत अतिशयोक्ति नव्हती. पृथ्वीभोवतीं खालच्या कक्षेंत फिरणाऱ्या उपग्रहाचा वेग साधारण तेवढाच असतो. डोंबिवली ते विक्रोळी हें सुमारें पंचवीस किलोमीटरांचें अंतर तो तीन सेकंदांत तोडील.

नातवंडांनीं कामाविषयीं विचारलें म्हणजे ते फुगा फुगवीत आणि तोंड न बांधतां सोडून देत. फुगा घरभर भिरभिरत जाई, कधीं आजीच्या देवघरांत शिरे, आणि हंशा पिकें. मुलांना तो खेळ वाटे. वस्तुतः तें संपूर्ण उत्तर होतें. हवा एका दिशेनें बाहेर पडते आणि फुगा उलट दिशेनें ढकलला जातो. न्यूटननें १६८७ सालीं प्रसिद्ध केलेला गतीचा तिसरा नियम तो हाच, आणि अग्निबाणहि याच नियमानें चढतो.

फरक आहे तो जोराचा. विकास इंजिनांत दोन द्रव एकत्र येतात: एक हायड्राझिन वर्गांतील इंधन, आणि दुसरा नायट्रोजन टेट्रॉक्साइड. त्यांना काडी लावावी लागत नाहीं. एकमेकांचा स्पर्श होतांच ते पेट घेतात. मिनिटास हजारों फेरे घेणारा पंप हे द्रव ज्वलनकक्षांत लोटतो. तेथें लोखंड सहज वितळेल एवढी उष्णता होते, आणि तप्त वायु खालच्या निमुळत्या तोंडांतून बाहेर पडतांना सुमारें ८० टनांचा जोर लावतात. चंद्रयान-३ नेणाऱ्या अग्निबाणांत अशीं दोन इंजिनें होतीं. इंजिन घडविण्यास महिने लागतात; त्याचें आयुष्य दोन-तीन मिनिटांचें. नंतर तें गळून पडतें, आणि त्याला पुन्हां कोणी पाहत नाहीं.

म्हणूनच तेथें चुकीला क्षमा नसते. मोटार बिघडली तर रस्त्याच्या कडेला उभी करतां येते. अग्निबाणाला कडा नाहीं. १० जुलै २००६ रोजीं श्रीहरिकोट्याहून उडालेलें जीएसएलव्ही यान थोड्याच वेळांत कोसळलें, आणि इन्सॅट-४सी उपग्रह बंगालच्या उपसागरांत बुडाला. बाजूच्या चार इंजिनांपैकीं एकांतील लहानशा नियंत्रकाच्या घडणींत चूक राहिली होती, आणि ती तपासणींतून निसटली होती, असें चौकशींत दिसून आलें. दोष तेवढाच, परंतु त्याखालीं शेंकडों माणसांचे श्रम गाडले गेले. २ सप्टेंबर २००७ रोजीं तशाच यानानें दुसरा उपग्रह वर नेला, तेव्हां कोठें सर्वांचा जीव भांड्यांत पडला.

केंसाच्या जाडीहून लहान फरक दिवसभर मोजणारा मनुष्य घरीं आल्यावर इतका हंसे कसा, असें आतां त्या घरांत कोणी विचारतें. उत्तर कठीण नाहीं. ज्या हातांना दिवसभर थरथरण्याची मुभा नसते, त्यांना संध्याकाळीं टाळ वाजविण्याची गरज अधिक असते. त्यांचा विनोद हा कामाचा विसर नव्हता. कामाचा भार उतरविण्याची ती त्यांची रीत होती.

चंद्रयान-३ च्या इंजिनांवर त्यांचा हात फिरला नव्हता; त्यापूर्वींच ते निवृत्त झाले होते. परंतु त्यांनीं ज्यांना शिकविलें त्यांनीं पुढच्यांना शिकविलें, आणि कसब या हातांतून त्या हातांत गेलें. कारागिराचा वारसा असाच चालतो. त्याची लेखी नोंद क्वचितच असते.

ज्या घरांत असे आजोबा अद्याप हयात आहेत, त्या घरांनीं एवढें अवश्य करावें: त्यांच्या थट्टांबरोबर त्यांचें कामहि विचारून घ्यावें, आणि एका वहींत लिहून ठेवावें. कोणतें यंत्र चालविलें, काय मोजलें, कोणती चूक वेळींच पकडली, हें त्यांच्यावांचून दुसरें कोण सांगणार? डोंबिवलीच्या त्या घरीं हें जरा उशिरां सुचलें. मात्र नातू आतां मित्रांना आजोबांचें काम सांगतो तेव्हां प्रथम फुगा फुगवितो, आणि तो सोडून देऊन म्हणतो, "माझे आजोबा हें करीत, फक्त त्यांचा फुगा कुठें चुकतां कामा नये."