वाळूच तापली तर कासवांनी जायचे कुठे?

हिवाळा सुरू झाला की कोकणच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या रात्री अंडी घालायला येतात. मागच्या पायांनी खड्डा करून त्यात शंभरएक अंडी घालतात, वर वाळू लोटतात आणि समुद्रात परत जातात. पुढचे पन्नास-साठ दिवस ती अंडी वाळूच उबवते. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासला गावकरी ही अंडी कुंपणाच्या आत सुरक्षित ठेवतात आणि पिल्ले बाहेर आली की समुद्रात सोडतात.

आज मात्र त्या वाळूचीच काळजी वाटू लागली आहे. पिल्लू नर होणार की मादी, हे अंड्याभोवतीच्या उष्णतेवर ठरते. साधारण २९-३० अंशांच्या खाली नर जास्त होतात, त्यापेक्षा वर माद्या. वाळू फारच तापली, तर पिल्लू अंड्यातच मरते.

याचा परिणाम ऑस्ट्रेलियात दिसू लागला आहे. ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तर भागातील हिरव्या कासवांची पाहणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. तेथील लहान कासवांत ९९ टक्के माद्या आढळल्या. ही कासवे वयात यायला काही दशके लागतात. म्हणजे नरांची उणीव जाणवेल तेव्हा फार उशीर झालेला असेल.

रीफच्या उत्तर टोकाजवळच ब्रॅम्बल के हे वाळूचे इवलेसे बेट आहे. तेथे उंदराची एक जात राहत होती, जगात दुसरीकडे कुठेच नाही. समुद्राचे पाणी वारंवार बेटावर चढले, झाडोरा गेला, खायला आणि लपायला जागा उरली नाही. २००९ नंतर तो उंदीर कोणाला दिसला नाही. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलिया सरकारने ही जात नामशेष झाल्याचे जाहीर केले.

कासव पाण्यातले, उंदीर जमिनीवरचा. दोघांवर संकट आले ते माणसाने जाळलेल्या कोळशा-तेलातून निघालेल्या वायूंनी वाढवलेल्या उष्णतेमुळे.

अमानत म्हणजे काय, हे आपण मुलांना लहानपणीच शिकवतो. शेजाऱ्याने ठेवायला दिलेली वस्तू जशीच्या तशी परत करायची असते. किनारा, समुद्र आणि त्यातले जीव यांनाही आपण तोच नियम लावूया. विनाकारण चालणारा पंखा बंद करूया, जवळच्या अंतरासाठी गाडी काढायचे टाळूया. किनाऱ्यावर रात्री झगझगीत दिवे नकोत, कारण पिल्ले उजेडाकडे वळून वाट चुकतात. आणि एकदा तरी मुलांना घेऊन पिल्ले समुद्रात जाताना पाहूया. आपण कोणाची काळजी घ्यायची आहे, हे त्यांना तिथे डोळ्यांनी दिसेल.