साखरझोपेच्या नोंदी

उशाशी दोनशे पानी वही आणि शिसपेन्सिल ठेवायला लागून या पाडव्याला दोन वर्षं झाली. पेन नाही, कारण उताणं पडून लिहिताना शाई उतरत नाही. स्वप्न चालू असतानाच ‘हे स्वप्न आहे’ असं उमगतं, अशा सजग स्वप्नांची ही वही. गेल्या आठवड्यात ती पहिल्या पानापासून वाचायला घेतली आणि साध्या मोजणीपाशीच अडले. स्वप्नं ४७ की २९? मध्ये क्षणभर जाग आली, पुन्हा डोळा लागला आणि तेच स्वप्न पुढे सुरू झालं, तर ते एक धरायचं की दोन?

पहिलं वर्षभर मी सरसकट दोन धरत होते. जाग कशाने आली, किती वेळ टिकली, कूस बदलली का, यातलं अक्षरही लिहिलेलं नाही. स्वप्न तेवढं मोलाचं, जाग म्हणजे नुसती झोपमोड, असा माझा समज होता. त्या कोऱ्या राहिलेल्या जागांची आज फार हळहळ वाटते.

१४ ऑगस्टच्या पहाटेने तो समज मोडला. आजीच्या वाड्याच्या जिन्यात मी उभी. दिव्याचं बटण दाबलं, दिवा लागेना, आणि तिथेच कळलं की हे स्वप्न. वर आजी सुपात तांदूळ निवडत बसलेली, अंगावर हिरवं लुगडं. तिला जाऊन अकरा वर्षं झालीत, हेही मला स्वप्नात पक्कं ठाऊक होतं. म्हणून घाई न करता एकेक पायरी चढत होते. तेवढ्यात इमारतीची पाण्याची मोटर सुरू झाली आणि जाग आली. डोळे उघडले नाहीत, बोटही हलवलं नाही. मोटरची घरघर ऐकत पडून राहिले, आणि त्या घरघरीतच जिना परत आला. पायरी तीच, सूप तेच, लुगडं मात्र जांभळं. ‘मघाशी हिरवं होतं,’ हे मला तिथेच आठवलं. मधलं जागेपण ओलांडून माझं भान पलीकडे पोचलं होतं; रंग पोचला नव्हता.

हे कळल्यावर जुन्या नोंदकर्त्यांकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागले. फ्रान्सच्या मार्की दर्वे द सँ-दनी यांनी तेराव्या वर्षी स्वप्नांची वही धरली. १८६७ मधल्या त्यांच्या पुस्तकामागे २२ वह्या आणि १,९४६ रात्री आहेत. डच मनोविकारतज्ज्ञ फ्रेडरिक व्हान एडेन यांनी १८९८ ते १९१२ या काळात ३५२ सजग स्वप्नं टिपली, ती जवळजवळ सगळी पहाटे पाच ते आठमधली. ही तर आपली साखरझोप! स्वप्नांनी भरलेले रेम झोपेचे टप्पे पहाटेकडे लांबत जातात, आणि जागही तेव्हाच सहज येते. पुढे स्टॅनफर्डमध्ये स्टीफन लाबर्ज यांनी झोपलेल्या माणसांकडून डोळ्यांच्या ठरलेल्या हालचालींनी खुणा करून घेतल्या. खुणेने पटलेल्या ७६ सजग स्वप्नांपैकी ५५ मध्ये भान स्वप्नाच्या ओघात आलं. उरलेली २१ मात्र मध्ये जराशी जाग येऊन, भान न सोडता थेट स्वप्नात शिरल्यावर पडलेली. म्हणजे त्यांच्या मोजणीत जागेलाही मान होता.

तेव्हापासून मी आकडा एकच घालते, त्याखाली ‘अ’, ‘आ’ असे तुकडे, आणि दोहोंमध्ये जागेची ओळ: आवाज, अंगाची स्थिती, काय टिकलं, काय बदललं. कूस बदलली की धागा बहुतेक वेळा तुटतो, हे या ओळींमुळेच दिसलं.

एक पान मात्र कुठेच बसत नाही. नोव्हेंबरात एकदा जाग आली, वही ओढली, सगळं सविस्तर लिहिलं, पेन्सिलीचं टोकही मोडलं. सकाळी पाहते तर पान कोरं, टोक शाबूत. अशा खोट्या जागेबद्दल व्हान एडेन यांनीही लिहून ठेवलंय. त्या कोऱ्या पानावर मी फक्त तारीख घातली आहे.