वातबोगद्यातील आकाशउडी

उभ्या वातबोगद्यात खालून वर वाहणाऱ्या वेगवान हवेच्या झोतावर शरीर तोलून तरंगण्याचा व त्या स्थितीत निरनिराळ्या हालचाली करण्याचा एक क्रीडाप्रकार. ‘इनडोअर स्कायडायव्हिंग’ या नावाने तो सर्वत्र ओळखला जातो. विमानातून उडी घेणारा खेळाडू हवाई छत्री उघडेपर्यंत हवेतून वेगाने खाली येत असतो. येथे खेळाडू जागच्या जागी राहतो व हवा त्याच्या अंगावरून वर जाते. शरीर व हवा यांचा परस्परसापेक्ष वेग दोन्ही ठिकाणी सारखाच असल्याने शरीरावर होणारा हवेचा परिणामही सारखाच असतो. उंची, विमान व छत्री ही तिन्ही या खेळातून वजा होतात आणि हवेत शरीरावर ठेवावयाचा ताबा तेवढा शिल्लक राहतो. या खेळाचा उपयोग आणि त्याच्या मर्यादा ही दोन्ही यातूनच निघतात.

तत्त्व : खळ्यावर धान्य उफणताना दाणा व भूस एकाच पाटीतून खाली सोडले जातात. दाणा जवळजवळ सरळ राशीवर पडतो, तर भूस वाऱ्याबरोबर दूर जाते; कारण वजनाच्या मानाने भुसाचा पृष्ठभाग मोठा असतो व हवेचा रोध त्याला लवकर अडवतो. जळगावजवळच्या असोदे येथे जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांनी ज्या उपननीवर कविता रचली, तिच्यामागील भौतिकी हीच होय. कोणतीही वस्तू पडू लागली की तिचा वेग वाढत जातो. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो व तो वस्तूच्या वजनाइतका झाला म्हणजे वेग स्थिर होतो. यास अंतिम वेग म्हणतात. पोट खाली व हातपाय पसरलेले अशा स्थितीत माणसाचा अंतिम वेग ताशी सु. १९० ते २०० किमी. असतो आणि तो गाठण्यास १० ते १२ सेकंद लागतात. डोके खाली करून शरीर सरळ ठेवल्यास हाच वेग ताशी २४० ते २९० किमी. पर्यंत जातो. तेवढ्याच वेगाचा झोत खालून वर सोडला, तर तोच माणूस अधांतरी राहतो.

वस्त्राचाही यात मोठा भाग असतो. सैल, फडफडणारा पोशाख रोध वाढवितो, म्हणून नवशिक्यास सैल व जड वजनाच्या व्यक्तीस अधिक सैल पोशाख देतात. अनुभवी खेळाडू अंगाबरोबर बसणारा पोशाख पसंत करतात. पुण्याच्या आकाशउडीपटू शीतल महाजन यांनी २०१८ मध्ये थायलंडमधील पट्टाया येथे सु. १३,००० फूट (सु. ४,००० मी.) उंचीवरून नऊवारी साडी नेसून उडी घेतली. या पराक्रमाची चर्चा मुख्यतः वेशभूषेच्या अंगाने झाली. वायुगतिकीच्या दृष्टीने मात्र, एवढ्या मोठ्या मोकळ्या वस्त्राचा असमान रोध सांभाळून शरीर स्थिर राखणे हाच तिचा खरा कठीण भाग म्हणावा लागेल.

रचना : वातबोगद्याच्या तळाशी पोलादी दोरांची ताणलेली जाळी असते. तिच्याखालील निमुळत्या भागात हवा आकुंचित होऊन तिचा वेग वाढतो व जाळीवरील उड्डाणकक्षात ती शिरते. कक्षाच्या भिंती बहुधा पारदर्शक असतात. त्याच्या वर बोगदा हळूहळू रुंद होत जातो. पंखे सामान्यतः माथ्याशी बसवून हवा वर ओढून घेतात. ते खाली बसवून हवा वर ढकलल्यास कक्षातील प्रवाहात भोवरे शिरतात. आधुनिक बोगद्यांत वर गेलेली हवा बाजूच्या नळमार्गांनी पुन्हा तळाशी आणतात व कोपऱ्यांवर वक्र पाती बसवून तिची दिशा बदलतात.

वर रुंद होत जाण्याचा फायदा विशेष आहे. छेद वाढला की हवेचा वेग कमी होतो. खेळाडू थोडा वर गेला तर तेथील मंद हवा त्याला पेलू शकत नाही व तो खाली येतो. खाली आला की अधिक वेगवान हवा त्याला वर ढकलते. त्यामुळे तो छताकडे फेकला जात नाही. बोगदा पाहावयास आलेल्या बहुतेकांच्या मनातील पहिली भीती याच गोष्टीची असते.

७० किग्रॅ. वजनाच्या माणसाला ताशी २०० किमी. वेगाच्या हवेत तोलून धरण्यासाठी सु. ३८ किलोवॉट शक्ती लागते. पण हवा केवळ माणसापुरती वाहत नाही. ४ मी. व्यासाच्या कक्षातून एवढ्या वेगाने जाणाऱ्या हवेची गतिज ऊर्जा सेकंदाला एक दशलक्ष जूलपेक्षा अधिक भरते. हवा पुन्हापुन्हा फिरवून यांतील बराच भाग वाचविला जातो, तरीही पंख्यांना काही शे किलोवॉट वीज लागते. बोगद्यातील वेळ तासाने न विकता मिनिटाने विकला जातो, त्याचे हे कारण.

इतिहास : उभे वातबोगदे मुळात माणसांसाठी नव्हते. गिरक्या घेत कोसळणाऱ्या विमानांचे वर्तन प्रतिकृतींवरून अभ्यासण्यासाठी अमेरिकेतील लँग्ली येथे २० फूट (सु. ६ मी.) व्यासाचा असा बोगदा १९४१ मध्ये सुरू झाला. ओहायओतील राइट-पॅटर्सन हवाई तळावरील बोगद्यात १९६४ मध्ये जॅक टिफनी यांनी केलेले तरंगण हे माणसाचे अशा प्रकारचे पहिले उड्डाण मानले जाते. कॅनडातील क्वीबेकचे झां सें-झेर्में यांनी १९७९ च्या सुमारास करमणुकीसाठी बोगदा तयार केला व १९८२ मध्ये अमेरिकेत लास व्हेगस येथे लोकांसाठी बोगदा खुला झाला. तुरिन येथील २००६ च्या हिवाळी ऑलिंपिकच्या समारोपात खुल्या झोतावर तरंगणारे कलावंत जगभर दिसले. अबू धाबी येथे २०१९ मध्ये उघडलेल्या बोगद्याचा व्यास ३२ फूट (सु. ९.७५ मी.) आहे.

तंत्र व स्पर्धा : प्रथम शिकावयाची ती कमान. कंबर पुढे, हनुवटी वर, हातपाय किंचित वर उचललेले. यामुळे गुरुत्वमध्य खाली राहतो व बॅडमिंटनच्या फुलाप्रमाणे शरीर आपोआप स्थिर होते. पाय लांब केल्यास शरीर पुढे सरकते, ते दुमडून हात पुढे पसरल्यास मागे येते; एका हाताचा तळवा किंचित कलता केला तरी वळण मिळते. आवाजात बोलणे ऐकू येत नसल्याने शिक्षक हाताच्या खुणांनी सूचना देतो. बळाने हवेशी झगडणारा येथे मागे पडतो, सैल राहणारा लवकर शिकतो. मुले बहुधा मोठ्यांपेक्षा लवकर शिकतात ती यामुळेच.

आंतरराष्ट्रीय वैमानिक महासंघाच्या (एफएआय) मान्यतेने पहिली जागतिक चषक स्पर्धा २०१४ मध्ये ऑस्टिन येथे व पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा २०१५ मध्ये प्राग येथे झाली. चौघांच्या संघाने ३५ सेकंदांत ठराविक रचना क्रमाने जास्तीत जास्त वेळा पूर्ण करणे, हा त्यांतील एक मुख्य प्रकार. याखेरीज उभ्या स्थितीतील रचना, दोघांची किंवा चौघांची गतिमान उड्डाणे, एकट्याचे मुक्त प्रदर्शन आणि कनिष्ठ गट असे प्रकार आहेत.

उपयोग व मर्यादा : ४,००० मी. उंचीवरील एका उडीत मुक्त पतनाचा वेळ ४५ ते ६० सेकंदच मिळतो. बोगद्यातील दहा मिनिटे म्हणजे दहाहून अधिक उड्यांचा सराव होय. चूक झाल्यास जाळी चार हातांवर असते आणि शिक्षक जवळच असतो. शीतल महाजन यांनी १८ एप्रिल २००४ रोजी, पूर्वी एकही उडी घेतलेली नसताना, उत्तर ध्रुवावर सु. २,४०० फूट (सु. ७३० मी.) उंचीवरून पहिली उडी घेतली. हे धाडस असामान्य आहे; २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तथापि प्रत्येक शिकाऊ व्यक्तीकडून ते अपेक्षिणे योग्य नाही, आणि बोगद्याची गरज येथेच जाणवते.

उलट, बोगद्यात जे शिकता येत नाही तेही ध्यानात ठेवले पाहिजे. विमानाबाहेर पडण्याचा क्षण, उंचीचे भान, छत्री उघडण्याचा निर्णय, बिघाड झाल्यास राखीव छत्रीचा वापर, वाऱ्याचा अंदाज घेऊन उतरणे, यांपैकी काहीही तेथे नसते. आकाशउडीतील अपघातांचा मोठा भाग छत्री नीट उघडल्यानंतर, उतरण्याच्या टप्प्यात घडतो. त्यामुळे बोगद्यात निष्णात झालेला खेळाडू आकाशात नवशिक्याच असतो. त्याचा आत्मविश्वास मात्र नवशिक्याचा नसतो, आणि हा धोका प्रशिक्षकांनी ओळखला पाहिजे. खुद्द बोगद्यात खांदा निखळणे व भिंतीवर आदळणे या दुखापती संभवतात. गर्भवती स्त्रिया, तसेच खांदा, मान वा पाठ यांचा जुना आजार असलेल्यांना प्रवेश देत नाहीत.

भारतातील स्थिती : भारतीय सैन्याचा पहिला उभा वातबोगदा हिमाचल प्रदेशातील बकलोह येथील विशेष दल प्रशिक्षण शाळेत २०२४ मध्ये सुरू झाला. नागरिकांसाठी हैदराबाद येथे बोगदा आहे. खानदेशात धुळ्याजवळील गोंदूर, शिरपूरजवळील तांडे व जळगाव येथील धावपट्ट्यांवर वैमानिकांचे प्रशिक्षण चालत आले आहे, परंतु वैमानिक विमानाच्या पंखांवर उडतो. स्वतःच्या अंगावर हवा पेलण्याचा अनुभव त्यातून मिळत नाही.

या प्रदेशात बोगदा उभारावयाचा झाल्यास हवामानाचा हिशेब आधी करावा लागेल. मे महिन्यातील जळगावची ४५° से. ची दुपार व हिवाळ्यातील १०° से. ची पहाट यांची तुलना केली, तर दाब सारखा धरूनही दुपारची हवा सु. ११ टक्के विरळ असते. विरळ हवेत तेवढेच वजन तोलण्यास वेग सु. ६ टक्क्यांनी वाढवावा लागतो, म्हणजे पहाटे ताशी १९० किमी. पुरत असतील तर दुपारी ताशी सु. २०१ किमी.; विजेचा खर्चही त्याच प्रमाणात वाढतो. खुल्या बोगद्यात उन्हाळ्यातील वावटळींची धूळही आत ओढली जाईल. बंद बोगद्यात धूळ टळते, पण पंख्यांची सारी शक्ती अखेर उष्णतेच्या रूपाने त्याच हवेत उतरते व ती बाहेर काढण्यासाठी शीतक यंत्रणा बसवावी लागते. तापी खोऱ्याच्या उन्हाळ्यात हिच्यावरचा खर्च थंड प्रदेशातील बोगद्यापेक्षा बराच अधिक येईल.